मुंबईचा हुकूम, पुण्याचा उंबरठा

१ एप्रिल १८२९ या दिवशी मुंबईचं सुप्रीम कोर्ट बंद झालं. ते सरकारने बंद केलं नव्हतं, खुद्द न्यायाधीशानेच केलं होतं. कोर्टात त्या वेळी सर जॉन पीटर ग्रँट हा एकटाच न्यायाधीश उरला होता. आपले हुकूम पाळले जातील अशी खात्री मिळेपर्यंत या कोर्टाचं कसलंही काम चालणार नाही, असं त्याने भर कोर्टात जाहीर केलं. भांडण कशावरून, तर पुण्यात राहणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलावरून. मुलाचं नाव मोरो रघुनाथ.

हे सुप्रीम कोर्ट म्हणजे आजचं दिल्लीतलं नव्हे. तालुक्याचं कोर्ट, त्यावर जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय आणि सगळ्यांच्या वर सर्वोच्च न्यायालय ही रचना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती पूर्वापार अशीच असावी असं वाटतं. १८२९ साली एका मुंबई इलाख्यात दोन वेगळ्या न्यायव्यवस्था नांदत होत्या. एक इंग्लंडच्या राजाची, दुसरी कंपनी सरकारची. दोघींचे कायदे, न्यायाधीश, वकील सगळंच वेगळं. एकीच्या निकालावर दुसरीकडे अपील नाही. दोघींच्या मधली सीमा कुठून जाते हेही नीट ठरलेलं नव्हतं, आणि मोरो रघुनाथ नेमका त्या सीमेवर सापडला.

मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबई बेट १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालं. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने १६७२ साली इथे पहिलं इंग्रजी न्यायालय थाटलं आणि जॉर्ज विल्कॉक्स याला न्यायाधीश नेमलं. पुढे १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट आलं, १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, आणि ८ मे १८२४ रोजी सुप्रीम कोर्ट. नावं बदलत गेली तरी एक गोष्ट कायम राहिली. यातल्या शेवटच्या तिन्ही कोर्टांचा अधिकार राजाच्या सनदेतून येत होता. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश लंडनहून राजाच्या नेमणुकीने येत, बॅरिस्टर असत, आणि कंपनीच्या नोकरांकडे जरा खालच्या नजरेनेच पाहत.

दुसरी व्यवस्था जमिनीवरून वाढली. १७७४ मध्ये साष्टी हाती आली, मग गुजरातेतला मुलूख, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दख्खन. या मुलखात कंपनीने अदालती बसवल्या. खाली देशी मुनसफ, त्यांच्यावर जिल्ह्याचा जज्ज, आणि सर्वांत वर सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालत. हे गोरे जज्ज म्हणजे बॅरिस्टर नव्हेत, कंपनीचे सनदी नोकर. आज कलेक्टरीत, उद्या अदालतीत. कायद्याची पुस्तकं त्यांनी वाचलेली असत किंवा नसत, पण मोडी कागद, वतनं, इनामं आणि गावचे तंटे यांची त्यांना जाण होती. हिंदू कायद्याचा प्रश्न आला की अदालतीच्या शास्त्र्यांना विचारायचं. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन याने दख्खनेत बराच काळ पंचायतींनाच दिवाणी कज्जे सोपवून पाहिले. मग १८२७ साली त्याने सगळे नियम एकत्र करून जी संहिता लागू केली तिला ‘एलफिन्स्टन कोड’ म्हणतात. त्यातही दख्खनच्या सरदारांसाठी निराळी सोय होती. वरच्या दर्जाच्या सरदारांना सामान्य अदालतीत उभं राहावं लागू नये म्हणून त्यांचे दावे ‘एजंट फॉर सरदार्स’ हा अधिकारी ऐके. राज्य गेलं तरी इभ्रत शाबूत आहे, असं या लोकांना वाटावं हा त्यातला हिशेब होता.

म्हणजे शीव ओलांडली की कायदा बदलत असे. मुंबई बेटावरच्या गिरगावात राहणारा सोनार सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत, तर खाडीपलीकडच्या वांद्र्यातला त्याचा मेहुणा ठाण्याच्या अदालतीच्या. बेटावरच्या गुन्ह्याला इंग्रजी पद्धतीचा खटला आणि ज्युरी. १८२६ च्या कायद्यानंतर हिंदू, मुसलमान, पारशी गृहस्थही तिथे ज्युरीत बसू शकत होते. खाडीपलीकडे ज्युरीचं नाव नाही. उलट एखादा गोरा माणूस पुण्यात किंवा धारवाडात गंभीर गुन्हा करो, त्याला हात लावायची अदालतीला छाती नव्हती, त्याचा न्याय मुंबईत. सुप्रीम कोर्टाचा अधिकार असा दुहेरी होता: बेटावर प्रत्येकावर, आणि बेटाबाहेर काही ठरावीक माणसांवर. ही ‘ठरावीक माणसं’ कोण यावरच सगळं अडलं.

बंगालमध्ये हेच भांडण पन्नास वर्षं आधी होऊन गेलं होतं. कलकत्त्याचं सुप्रीम कोर्ट १७७४ मध्ये स्थापन झालं. काही वर्षांतच काशीजोड्याच्या जमीनदारावर त्याने वॉरंट काढलं. ते बजावायला गेलेल्या शेरीफच्या माणसांना वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने शिपाई पाठवून अडवलं. १७८१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून कलकत्त्याच्या कोर्टाचे पंख छाटले. एवढं सगळं ठाऊक असूनही मुंबईच्या सनदेत जुनीच भाषा राहिली. इंग्लंडमधल्या किंग्ज बेंच न्यायालयाच्या न्यायाधीशांना जे अधिकार आहेत ते मुंबईच्या न्यायाधीशांना राहतील, असं त्यात म्हटलं होतं. सनद लिहिणाऱ्यांचा हा ढिसाळपणा होता असं माझं मत आहे. पुढच्या गोंधळाचं निम्मं खापर त्यांच्यावरच फुटायला हवं.

मुंबईचा पहिला मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट. अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव वेगळ्या कारणाने येतं. जमिनीच्या खंडाचा सिद्धांत त्याने १८१५ मध्ये रिकार्डोच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे मांडला होता. स्वभावाने ताठ. मुंबईत आल्या आल्या त्याने कोर्टातल्या बॅरिस्टरांना शिस्त लावली, काहींना निलंबित केलं. गव्हर्नर एलफिन्स्टनशी त्याचं कधीच जमलं नाही. १८२६ मध्ये सरकारने वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा नियम केला, तेव्हा कोर्टाने तो नोंदवायला नकार दिला. नोंदवल्याशिवाय असा नियम बेटावर लागू होत नसे, त्यामुळे सरकारची पंचाईत झाली. दख्खनच्या लुटीचं प्रकरणही याच कोर्टापुढे आलं. १८१८ च्या धामधुमीत पुण्यात नारोबा गोविंद या पेशव्यांच्या जुन्या कारभाऱ्याचा खजिना इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केला होता. त्याच्या वारसांच्या बाजूने मुंबईत दावा लागला, आणि प्रतिवादी कोण, तर माजी गव्हर्नर एलफिन्स्टन! कोर्टाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. तो पुढे १८३० मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या अपील मंडळाने, फिरवला. युद्धात केलेल्या जप्तीचा न्याय दिवाणी कोर्टाने करायचा नसतो, हे त्याचं कारण. पण मुंबईच्या पेढ्यांवर आणि पुण्याच्या वाड्यांत व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. कंपनी सरकारला कोर्टात खेचता येतं हे लोकांना कळलं.

नोव्हेंबर १८२७ मध्ये सर जॉन माल्कम गव्हर्नर होऊन आला. मराठी वाचकांना तो ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेऊन त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक कबूल करणारा हाच. आयुष्यभर फौजेत आणि वकिलातीत काढलेला, देशी दरबारांशी मनमोकळं वागणारा, आणि आपल्याला हे लोक कळतात असा ठाम विश्वास असलेला माणूस. पुण्याच्या आसपास तेव्हा उमाजी नाइकाचं बंड धुमसत होतं. राज्य येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. सरकार बळकट आहे आणि एकमुखी आहे हे लोकांना दिसलं पाहिजे, नाहीतर दख्खन हातून जाईल, ही माल्कमची भीती अगदीच खोटी नव्हती.

मोरो रघुनाथ आपल्या चुलत आजोबांच्या, पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात पुण्यात होता. पांडुरंग रामचंद्र पेशव्यांच्या नात्यातले, मोठ्या इतमामाचे गृहस्थ. मुलाला अन्यायाने डांबून ठेवलं आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, असा अर्ज मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आला. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यापुढे हजर करा आणि कोणत्या अधिकाराने अडकवून ठेवलं आहे ते सांगा. त्याच सुमाराला दुसरं प्रकरण आलं. बापू गणेश नावाचा कैदी ठाण्याच्या तुरुंगात कंपनीच्या फौजदारी अदालतीच्या हुकमाने खितपत पडला होता. कोर्टाने ठाण्याच्या जेलरलाही तसाच हुकूम धाडला.

न्यायाधीशांचा युक्तिवाद साधा होता. किंग्ज बेंचचे अधिकार आम्हाला दिले आहेत. राजाच्या प्रजेतल्या कुणालाही बेकायदा अटकेतून सोडवणं हा त्यातला सर्वांत जुना अधिकार. पुणे राजाच्या राज्यात आहे की नाही? आहे, तर आमचा हुकूम तिथे चालला पाहिजे. सरकारचं म्हणणं तितकंच साधं होतं. पांडुरंग रामचंद्र मुंबईचे रहिवासी नाहीत, गोरे नाहीत, कंपनीचे नोकर नाहीत. त्यांच्यावर सुप्रीम कोर्टाचा अधिकार आला कुठून? आणि आमच्या अदालतीने तुरुंगात टाकलेला माणूस दुसऱ्या कोर्टाने उचलून न्यायचा, तर अदालतीची पत काय राहिली?

याच सुमाराला माणसं एकामागोमाग मरू लागली. ऑगस्ट १८२८ मध्ये वेस्ट गेला. त्या काळच्या मुंबईत गोऱ्या माणसाला दोन पावसाळे बघायला मिळाले तरी नशीब म्हणत. वेस्ट गेल्यावर चेंबर्स आणि ग्रँट हे दोघे न्यायाधीश उरले. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी माल्कम आणि त्याच्या कौन्सिलने या दोघांना पत्र लिहिलं. मजकूर असा की, इंग्लंडहून निर्णय येईपर्यंत मोरो रघुनाथच्या बाबतीत पुढची कारवाई होऊ दिली जाणार नाही, आणि बेटाबाहेरच्या देशी लोकांना किंवा अदालतीच्या अधिकाऱ्यांना असे हुकूम आले तर त्यांना उत्तर दिलं जाणार नाही. गव्हर्नरने न्यायाधीशांना खासगी पत्राने असं कळवावं, याचा दोघांनाही संताप आला. काही दिवसांतच त्यांनी ते पत्र भर कोर्टात आणून त्याचा समाचार घेतला. आणि त्याच महिन्यात चेंबर्सही वारला. राजाचं अख्खं कोर्ट आता एकट्या ग्रँटच्या खांद्यावर आलं.

ग्रँट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला जमीनदार. पूर्वी पार्लमेंटचा सभासद होता, कर्जात गळ्यापर्यंत बुडाला आणि देणेकऱ्यांपासून सुटायला म्हणून १८२८ च्या सुरुवातीला मुंबईत आला. त्याची मुलगी एलिझाबेथ हिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यात हा सगळा कौटुंबिक तमाशा आणि मुंबईतले दिवस वाचायला मिळतात. पुढे बंगालमध्ये नीळ उत्पादक शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट हा याचाच मुलगा. घराण्यात हट्ट होता एवढं खरं. ग्रँटने पुण्याला पुन्हा हुकूम काढला, न पाळल्यास दंडाची तंबी दिली. पुण्याहून कुणी आलं नाही. येणार कसं? सरकारनेच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्याने १ एप्रिलला कोर्ट बंद केलं.

इथे मला ग्रँटचा राग येतो. त्याचं तत्त्व मोठं होतं, पण शिक्षा कुणाला झाली? माल्कमला झाली नाही, पांडुरंग रामचंद्रांना झाली नाही. झाली ती मुंबईच्या व्यापाऱ्याला, ज्याची हुंडी अडकली होती, आणि तुरुंगात खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्याला. पुण्यातल्या एकाला कैदेतून सोडवता येत नाही म्हणून मुंबईतल्या सगळ्यांना न्याय नाही, याला काय म्हणायचं?

गंमत अशी, की न्यायाधीशांनी राजाकडे केलेला अर्ज आधीच जहाजाने लंडनला पोचला होता. जहाजाला चार-पाच महिने लागत, त्यामुळे मुंबईचा राग आणि लंडनचा निवाडा यांची गाठच पडत नसे. मे १८२९ मध्ये, मुंबईत कोर्ट बंद असल्याची खबर तिकडे पोचायच्या आत, प्रिव्ही कौन्सिलने मत दिलं. सुप्रीम कोर्टाला हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढता येतो तो आपल्या स्थानिक हद्दीत राहणाऱ्यावर, किंवा हद्दीबाहेर असूनही जो व्यक्तिशः त्याच्या अधिकाराखाली आहे अशाच माणसावर. अदालतीच्या जेलरला तो काढता येत नाही. अदालतीच्या अधिकाराची मर्यादा तपासण्याचाही सुप्रीम कोर्टाला हक्क नाही. दोन्ही प्रकरणांत हुकूम चुकीचे ठरले. मुलगा कुणाकडे असावा याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलनबरो तर आधीच माल्कमच्या बाजूचा होता. ग्रँटच्या डोक्यावर सर जेम्स ड्यूअर याला मुख्य न्यायाधीश आणि सर विल्यम सीमूर याला दुसरा न्यायाधीश नेमून त्याने माल्कमला खासगी पत्र लिहिलं. त्यात ग्रँटची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधे सापडलेल्या रानटी हत्तीसारखी होईल, असं म्हटलं होतं. हे पत्र फुटलं, वर्तमानपत्रांत छापून आलं आणि एलनबरोची इंग्लंडात भरपूर शोभा झाली. राजाचे न्यायाधीश म्हणजे सरकारचे पाळीव हत्ती आहेत, हे मंत्र्याच्याच हस्ताक्षरात मिळालं होतं. ग्रँटने पुढे राजीनामा दिला, कलकत्त्याला जाऊन वकिली केली आणि तिथल्या सुप्रीम कोर्टात पुन्हा न्यायाधीश झाला.

कायद्याच्या काटेकोर वाचनात माल्कम बरोबर होता, हे मान्य करायला हवं. पण त्याने वापरलेली रीत वाईट होती. कोर्टाचा हुकूम चुकीचा वाटला तर वर अपील करायचं असतं, हुकूम पाळू नका असं लोकांना सांगायचं नसतं. आणि निकालाचा खरा परिणाम ना ग्रँटला भोगावा लागला ना माल्कमला. कलेक्टरने किंवा अदालतीने बेकायदा डांबलं तर मुंबईकराला दाद मागायला राजाचं कोर्ट होतं. पुणेकराला, नाशिककराला ते नव्हतं. ही विषमता शतकभर टिकली.

दोन व्यवस्था एकत्र आल्या त्या १८५७ नंतर, राणीने कंपनीचा कारभार हाती घेतला तेव्हा. १८६१ च्या कायद्याने सुप्रीम कोर्ट आणि दोन्ही सदर अदालती मोडून त्यांचं एक हायकोर्ट करायचं ठरलं. दिवाणी प्रक्रियेची संहिता, दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रियेची संहिता १८५९ ते १८६१ या तीन वर्षांत तयार झाल्या होत्या, त्यामुळे जोडकाम सोपं गेलं. मुंबई हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालं. सुप्रीम कोर्टाचा शेवटचा मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस हाच हायकोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला. कोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या अॅडमिरल्टी हाउसमध्येच भरत राहिलं. कर्नल फुलरने बांधलेल्या आजच्या इमारतीत ते १८७९ च्या जानेवारीत गेलं.

पण एक झालं म्हणजे एकजीव झालं असं नाही. जुनं सुप्रीम कोर्ट हायकोर्टाची ‘ओरिजिनल साइड’ बनलं, जुनी अदालत ‘अपेलेट साइड’ बनली. ओरिजिनल साइडला मुंबई शहराचे मोठे दावे थेट दाखल होत. तिथे सॉलिसिटरने बॅरिस्टरला कागद द्यायचे, बॅरिस्टरने उभं राहून बोलायचं. अपेलेट साइडला मुफसलची, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांची अपिलं, आणि ती चालवणारे देशी वकील. कायदा तोच, छप्पर तेच, पण बॅरिस्टर साहेब आणि वकील रावसाहेब यांची पंगत वेगळी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे खालच्या कोर्टांतून चढत १८९३ मध्ये हायकोर्टात पोचले, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्या आधी चार वर्षं, १८८९ मध्ये, थेट वकिलीतून. ओरिजिनल साइडची ही दुहेरी वकिली मुंबईत १९७० च्या दशकापर्यंत चालली.

शहराची ही वेगळी हद्द सरकारच्या किती कामी येई ते १९०८ साली दिसलं. लोकमान्य टिळक पुण्याचे, ‘केसरी’ पुण्यात छापला जाई. पण अंक मुंबईत वाटला जात असल्यामुळे राजद्रोहाचा खटला हायकोर्टाच्या मूळ फौजदारी अधिकारात, मुंबईत चालवता आला. टिळकांना मुंबईतल्या सरदारगृहात पकडलं. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे नऊ जणांची ज्युरी बसली, सात युरोपियन आणि दोन पारशी. अग्रलेख मराठीत होते आणि ज्युरी इंग्रजी भाषांतरं वाचत होती. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. १८२८ मध्ये पुण्याच्या माणसाला मुंबईच्या कोर्टाने सोडवायचं म्हटलं तर हद्द आडवी आली. १९०८ मध्ये पुण्याच्या माणसाला मुंबईच्या कोर्टात आणून शिक्षा करायची होती, तेव्हा हद्द आडवी आली नाही.

बेकायदा अटकेविरुद्ध हायकोर्टाचा हात मुफसलपर्यंत पोचला तो १९२३ च्या फौजदारी प्रक्रिया दुरुस्तीने. बाकीच्या रिटांसाठी, म्हणजे अशाच इतर हुकमांसाठी, मात्र मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांची जुनी वेस तशीच राहिली. १९४३ मध्ये पार्लाकिमेडीच्या रयतेचं प्रकरण लंडनला गेलं, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने तोच जुना धागा पकडला: मद्रासच्या हायकोर्टाचा रिटाचा अधिकार शहरापुरता, गंजाममधल्या जमिनीच्या तंट्यात तो चालणार नाही.

ती वेस मोडली २६ जानेवारी १९५० रोजी. घटनेच्या २२६ व्या कलमाने प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्या संपूर्ण प्रदेशात, कुठल्याही अधिकाऱ्याविरुद्ध आणि खुद्द सरकारविरुद्ध रिट काढण्याचा अधिकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर, औरंगाबाद आणि गोवा इथे खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच बसतं. ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड ही विभागणी मुंबईत अजूनही आहे. पण आज पुण्यातल्या कोणाला बेकायदा कोठडीत ठेवलं, तर त्याच्या घरच्यांनी फोर्टातल्या त्या इमारतीत केलेला हेबिअस कॉर्पसचा अर्ज ‘तुम्ही पुण्याचे’ म्हणून परत येत नाही.